पाठ टेकली, तरी कुस्ती चालूच

२०२० सालच्या दसऱ्याची गोष्ट. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे दसरा लागला होता म्हणायला हरकत नाही. कोरोनामुळे आबा गावाकडं परत न जाता पुण्यात आमच्याकडंच अडकून पडले होते. त्यांना रात्रीची झोप तशी नाहीच. मी हॉलमध्ये टीव्हीवर एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकत्र, जाळीच्या पिंजऱ्यात) लढत लावून, आवाज बारीक करून बसलो होतो, तर मागून येऊन दिवाणावर टेकले आणि म्हणाले, "कुणाची जोड लागलीया?"

मैदानात उशिरा पोचलेला माणूस शेजारच्याला विचारतो, अगदी तसंच.

म्हटलं, "हा खबीब, रशियातल्या दागिस्तानचा. तो गेची, अमेरिकेचा. दोघंही मूळचे कुस्तीतलेच." खबीब लहानपणी अस्वलाच्या पिल्लाशी झटापट करायचा, त्याचा व्हिडिओ आहे, हेही सांगून टाकलं. आबांना तेवढं पुरलं. मांडी घालून बसले.

दुसऱ्या राउंडमध्ये खबीबनं गेचीला खाली घेतलं आणि छातीवर जाऊन बसला. गेचीची पाठ पूर्ण टेकलेली. आबांनी मांडीवर थाप मारली. "झाली! चितपट. सोडवा की आता."

कुणी सोडवलं नाही. उलट खबीबनं वर बसल्या बसल्याच त्याच्या मानेभोवती पायांची मिठी घातली आणि स्वतःच लोळून पाठीवर गेला.

"आरं, वरचा गडी खाली कशाला गेला? येडं हाय का काय!"

पुढच्या काही सेकंदांत गेचीनं हातानं थापट्या मारल्या, म्हणजे हार मानली. रेफरीच्या ते पटकन लक्षात आलं नाही आणि तेवढ्यात गेचीची शुद्ध गेली. पाठीवर पडलेला गडी जिंकला होता आणि त्याच्या अंगावर असलेला बेशुद्ध होता. त्यानंतर खबीब पिंजऱ्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसून रडला. वडील, तेच त्याचे वस्ताद, जेमतेम चार महिन्यांपूर्वी गेले होते. त्यांच्याशिवाय लढणार नाही असा शब्द आईला दिला होता, म्हणून त्यानं हातमोजे काढून जमिनीवर ठेवले. २९ लढती, २९ विजय, आणि संपलं. त्याच्या रडण्याचं आबांना काही विशेष वाटलं नाही, पैलवान रडतातच. ते त्या पायांच्या मिठीत अडकले होते. बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "मग ह्यात हरायचं कसं?"

गेली पाच वर्षं मी या एका प्रश्नाचं उत्तर हप्त्याहप्त्यानं देतोय.

आबांची कुस्ती मातीतली. करवीर तालुक्यातलं आमचं गाव, तिथली तालीम, मग कोल्हापूर. जत्रांच्या मैदानात रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरुवात. खासबागेत लढले त्याचा एकच फोटो आहे, त्यात चेहरा दिसत नाही, पाठ आणि मोडका कान दिसतो. तोच फोटो ते सगळ्यांना दाखवतात. त्यांच्या खेळात हरण्याची एकच वाट होती : पाठ लागणं. खांदे मातीला टेकले, हलगी कडाडली, प्रेक्षकांनी फेटे उडवले, विषय मिटला. न्यायाधीश, गुणपत्रिका वगैरे भानगड नाही. कुणीच पडेना तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवणार. मी बँकेत चिकटलो, त्यामुळे घराण्याची पैलवानकी माझ्यापाशी येऊन थांबली. माझ्या भाच्यानं ती पुन्हा सुरू केली, पण अशी आडवाटेनं.

तर, एमएमएत हरायचं कसं? पाठ लागून नाही, एवढं पक्कं. हात किंवा पाय पिळला जातोय, गळा आवळला जातोय, सहन होत नाही, तर थापटी मारायची किंवा तोंडानं सांगायचं. वेदनेनं ओरडलं तरी ते सांगितल्यासारखंच धरतात. ठोसा लागून शुद्ध गेली तर संपलं. कापलं, डोळा बंद झाला, डॉक्टर म्हणाले बास, तर संपलं. कोपऱ्यातल्या माणसांनी थांबवा म्हटलं तरी संपलं. आणि यातलं काहीच झालं नाही तर तीन जज गुण मोजणार.

आणखी एक वाट आहे, ती समजावून सांगायला सगळ्यात अवघड. खालच्याला मार बसतोय, तो शुद्धीवर आहे, त्यानं हारही मानलेली नाही, तरी रेफरी मध्ये उडी मारून लढत थांबवतो. तांत्रिक नॉकआउट म्हणतात त्याला. अशा वेळी आपण सगळे मारणाऱ्याकडं बघत असतो. रेफरी बघतो मार खाणाऱ्याकडं. त्याचे हात चेहऱ्यावर आहेत का, तो कूस बदलतोय का, वरच्याचं मनगट धरू बघतोय का. रेफरी ओरडून सांगतो, "हल, काहीतरी कर!" तो हलला तर लढत चालू, नुसता मुटकुळं करून पडला तर बंद. म्हणजे मुद्दा मार किती बसला हा नाही, डोकं अजून बचाव करतंय का हा आहे. मला विचाराल तर या खेळातला हा सगळ्यात मोठा नियम. आणि तो आकड्यांत मांडता येत नाही. एका माणसाच्या नजरेवर सोडलेला आहे.

आबांना तो पटला, पण त्याच्या आधीचं काही पटलं नाही. "पडलेल्याला मारायचं न्हाई," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, आबा, तो पडला म्हणजे हरला असं इथं नाही, तिथूनच त्याचा दुसरा डाव सुरू होतो, खबीबचं बघितलंत ना. "बघितलं. तरी न्हाई." यावर आमचं आजतागायत एकमत झालेलं नाही. होईल असं वाटतही नाही.

एक मात्र आहे. ज्या माणसाला हा खेळ म्हणजे निव्वळ मारामारी वाटते, त्यानं निषिद्ध गोष्टींची यादी एकदा वाचावी. डोक्यानं धडक नाही. डोळ्यांत बोट नाही, चावणं नाही, थुंकणं नाही, केस ओढणं नाही. तोंडात किंवा नाकात बोट अडकवून ओढायचं नाही. समोरच्याच्या जखमेत बोट घालायचं नाही (हे लिहून ठेवावं लागलं, म्हणजे कुणीतरी घातलं असणार). एकेकटं बोट धरून पिळायचं नाही. डोक्याच्या मागं, मणक्यावर, कंठावर मारायचं नाही. उचलून डोक्यावर आपटायचं नाही. जांघेत मारायचं नाही; लागलंच, तर सावरायला पाच मिनिटांपर्यंत वेळ. समोरच्याची चड्डी धरायची नाही. यावर आबा हसले. मातीत लांगेला हात घातल्याशिवाय घिस्सा कसा मारायचा? आणि पिंजऱ्याची जाळी धरायची नाही. ही जाळी पुढं आमच्या घरात येणार आहे, लक्षात ठेवा.

ही यादी सुरुवातीला नव्हती. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची, म्हणजे या लढती भरवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीची, पहिली स्पर्धा झाली, तेव्हा चावणं आणि डोळे काढणं सोडून जवळपास सगळं चालत होतं. आठ माणसं, एकच रात्र, वजनगट नाहीत. पहिल्याच लढतीत एका डच गड्यानं सुमोवाल्याच्या तोंडावर लाथ मारली आणि त्याचा दात उडाला. जिंकला मात्र जेमतेम ऐंशी किलोचा रॉयस ग्रेसी, ब्राझीलचा. त्यानं लोकांना जमिनीवर नेऊन गळे आवळले. खाली पडलेला माणूस धोकादायक असतो हे जगाला त्या रात्री कळलं. आम्हाला दसऱ्याला कळलं.

पुढं जॉन मॅकेन नावाच्या सिनेटरनं याला माणसांच्या कोंबडझुंजी म्हटलं आणि १९९६ मध्ये सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. राज्यांमागून राज्यांनी बंदी घातली, केबलवरून खेळ गेला. धंदा बुडायची वेळ आली तेव्हा नियम आले. त्यांची घडी बसवणाऱ्यांत जेफ ब्लॅटनिक होता. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीचं सुवर्णपदक त्यानं कॅन्सरमधून उठून जिंकलं होतं. नोव्हेंबर २००० मध्ये अटलांटिक सिटीत यूएफसी या नव्या नियमांवर उभी राहिली आणि २००१ मध्ये न्यू जर्सीत ते एकत्र बांधले गेले. आज बहुतेक ठिकाणी त्यांचाच पाया असतो. आबांना सांगितलं की या खेळाला शिस्त लावणाऱ्यांत एक पैलवान होता. "मग? दुसरं कोण लावणार," म्हणाले.

नियम म्हटल्यावर वेडेपणाही आलाच. कोपर मारायला परवानगी, पण घड्याळातल्या बारावरून सहावर, म्हणजे सरळ वरून खाली मारायची नाही, असा नियम होता. तिरकी मारा, आडवी मारा, चालायचं. याच कोपरासाठी डिसेंबर २००९ मध्ये जॉन जोन्सला बाद केलं. मॅट हॅमिल खाली जवळपास संपलेला होता, तरी जिंकला तो. जोन्सच्या खात्यावर ती एकच हार आहे. नोव्हेंबर २०२४ पासून तो नियमच काढून टाकला. हार मात्र खात्यावर तशीच.

दुसरं म्हणजे गुडघा. समोरचा जमिनीला टेकलेला असेल तर त्याच्या डोक्यावर लाथ किंवा गुडघा मारायचा नाही. मार्च २०२१ मध्ये पेत्र यान हा विजेतेपदाचा पट्टा असलेला गडी. समोर अल्जमेन स्टर्लिंग एक गुडघा टेकवून बसलेला, स्वच्छ दिसत होतं. याननं त्याच्या डोक्यात गुडघा घातला आणि जागच्या जागी पट्टा गमावला. पण 'टेकलेला' म्हणजे नेमका कोण, यावर वर्षानुवर्षं चोरपोलीस चालायचा. हुशार गडी उभ्यानं वाकून हात जमिनीला लावायचे आणि नियमाच्या आड लपायचे. आता हाताचे पंजे आणि पावलं सोडून बाकी काही टेकलं तरच तो टेकलेला. हात टेकवून सुटका नाही.

गुणांचं गणित आबांना सगळ्यात जड गेलं. पाच मिनिटांचे तीन राउंड, पट्ट्याची लढत असेल तर पाच, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. प्रत्येक राउंड म्हणजे स्वतंत्र कुस्ती समजायची. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. धुलाईच केली असेल तर ८. गादीवरच्या कुस्तीसारखे पट काढला, म्हणजे पाय धरून पाडलं, की दोन गुण, असं मोजत बसत नाहीत. ठोशांचा आणि धरपकडीचा परिणाम काय झाला ते आधी बघतात. त्यात दोघे अगदी सारखे वाटले तरच कोण अंगावर जात होता ते, आणि तिथंही सारखे असतील तर पिंजऱ्यात कुणाचा ताबा होता ते. नुसतं पाडून वर बसून राहिलात तर हल्लीचा जज भुलत नाही, निदान भुलू नये. पण माणसं आहेत. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. मुझफ्फरनगरकडची मुलगी, मूळची वुशूची. त्या लढतीत एका जजनं तिला तिन्ही राउंड दिले, ३०-२७. दुसऱ्यानं तिन्ही राउंड समोरच्या ब्राझीलच्या मुलीला दिले, २७-३०. दोघे एकाच हॉलमध्ये, एकाच पिंजऱ्याकडं बघत होते! तिसऱ्यानं २९-२८ दिलं म्हणून पूजा जिंकली.

आबा म्हणाले, "म्हणून पाठ लागलेली बरी."

आता भाच्याकडं येतो. तालमीत दहा वर्षं घालवलेला, मग पुण्यात शिकायला आला आणि एका जिममध्ये याच्या नादी लागला. गेल्या हिवाळ्यात त्याची हौशी गटातली लढत होती, ६१.२ किलोला. हा पॉइंट दोन कुठून आला, आबांनी विचारलंच. १३५ पौंडांचे किलो केले की ६१.२ होतात. सगळे गट असेच विचित्र आहेत, ५६.७, ६५.८, ७०.३, ७७.१. जत्रेच्या मैदानात काटा नसायचा. दोन्हीकडचे वस्ताद पोरांना शेजारी उभं करायचे, दंड बघायचे, मान बघायची आणि जोड लावायचे. नजरेचा काटा. भाचा आदल्या दिवशी वजनाला गेला तेव्हा त्याचे गाल आत गेलेले, ओठांवर पांढरी साल. सकाळपासून पाणी नव्हतं. मला ते बघवेना. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी मुलगा असंच पाणी तोडून वजन उतरवताना मनिलात दगावला. त्यानंतर आशियात अशा लढती भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिप या कंपनीनं वजनाबरोबर लघवी तपासायला सुरुवात केली, अंगात पाणी आहे का ते बघायला. माझ्या मते हे सगळीकडं सक्तीचं हवं. भाचा म्हणतो, मामा, सगळेच करतात. आणि वजन झाल्या झाल्या त्यानं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एका दमात संपवलं.

हौशी गटात तीन-तीन मिनिटांचे राउंड, नडग्यांना पॅड, आणि त्या स्पर्धेत कोपर पूर्ण बंद. आम्ही दुसऱ्या ओळीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आबा फेटा बांधून आले होते. मागच्या पोरांना काही दिसेना, म्हणून अर्ध्या तासानं तो मांडीवर आला.

पिंजऱ्यात जायच्या आधी एक माणूस भाच्याला तपासत होता, ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं. आधी तोंड उघडायला लावलं, माउथगार्ड आहे का. मग मुठीनं जांघेवर टकटक, कप, म्हणजे जांघेचं कवच, आहे का. नखं. कानामागं आणि खांद्यांवर हात फिरवून बघितला, कुठं तेल-व्हॅसलीन चोपडलंय का. व्हॅसलीन फक्त चेहऱ्यावर, तेही त्यांच्याच माणसानं त्यांच्यासमोर लावायचं. ग्लोव्हजच्या मनगटावर चिकटपट्टी आणि पट्टीवर सही. आबा पुढं वाकून बघत होते. "जनावराच्या बाजारात दात बघत्यात तसं चाललंय," म्हणाले, पण आवाजात कौतुक होतं. त्यांच्या काळी अंगाला तेल लावून आलेल्या गड्याला ओंजळभर माती चोळून मग हात मिळवायचे.

पहिला राउंड भाच्याचा. दुहेरी पट काढला, वर बसला, शेवटपर्यंत उठू दिलं नाही. दुसऱ्यात त्या मुलानं मांडीवर सटासट लाथा मारल्या आणि भाचा लंगडायला लागला. मग त्यानं भाच्याला जाळीला रेटलं आणि पाय उचलला. तेव्हा मी बघितलं, भाच्याचा डावा हात मागं गेला आणि जाळीत चार बोटं रुतली. तार काळ्या प्लास्टिकनं मढवलेली असते. त्यातून बोटांची पेरं पांढरीफटक पडून आमच्या बाजूला बाहेर आलेली, माझ्यापासून दहा फुटांवर. रेफरीनं त्या हातावर चापट मारली, "सोड!" ताकीद दिली.

तिसऱ्यात पुन्हा तेच. तो रेटतोय, हा पडायला आला, हात मागं, बोटं जाळीत, आणि हा पडता पडता वाचला. रेफरीनं लढत थांबवली, भाच्याचा हात धरून तिन्ही जजांकडं वळला आणि एक बोट वर केलं. एक गुण कापला. उरलेल्या मिनिटभरात भाच्यानं त्या मुलाला दोनदा खाली घेतलं, पण एक गुण गेला तो गेलाच.

निकाल असा : दोन जजांनी २८-२८, तिसऱ्यानं २९-२७, समोरच्याच्या बाजूनं. दोघांनी बरोबरी दिली म्हणून बरोबरी. आबांना हिशोब हवा होता. मी पावतीच्या मागं मांडून दाखवला : पहिला १०, दुसरा ९, तिसरा १०, झाले २९. त्याचे ९, १०, ९, झाले २८. जिंकला होता. २९ मधून जाळीचा एक गेला, उरले २८. आबांनी पावती घेतली, चष्मा वर करून बघितली आणि घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली.

रिक्षात कुणी बोललं नाही. डेक्कन ओलांडल्यावर आबांनी विचारलं, "तार का धरलीस?"

"धरली नाही, आबा. हात आपोआप गेला."

"हूं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गच्चीवरून दाणदाण आवाज यायला लागला म्हणून वर गेलो. कबुतरांसाठी लावलेली जाळी आहे ना, तिला भाचा पाठ लावून उभा, एका पायावर. दुसरा पाय आबांनी काखेत धरलेला. आता आबांचं वय अठ्ठ्याहत्तर, पण रेटा बघण्यासारखा होता. हातात सकाळचा पेपर गुंडाळी करून. भाच्याचा हात जरा मागं सरकला की फाटकन पेपर बोटांवर.

"काख धर माझी! काख! तिकडं काय हाय तुझं?"

भाचा हसत होता, हसता हसता तोल जात होता. आबांनी पाय आणखी वर उचलला. डावा हात गेलाच मागं.

"धरलंस! एक गुण गेला," आबा म्हणाले, आणि माझ्याकडं बघून, "लिहून ठेव रं."